टाकीत भांग पाडणारा माणूस

काम संपलं की ते शर्टाच्या खिशातून कंगवा काढायचे, नुकत्याच बसवलेल्या टाकीवर वाकायचे आणि टाकीत बघून भांग पाडायचे. भांग पाडावा एवढं डोक्यावर फारसं उरलं नव्हतं. पण जे होतं त्याला ते डावी-उजवीकडे असं शिस्तीत पाठवायचे, की कवायत चालली आहे असं वाटावं. मग कंगव्यावर एक फुंकर, कंगवा खिशात आणि गाडीच्या मालकाला हुकूम : "या, तोंड पाहा. ज्या टाकीत तोंड दिसत नाही तो डबा हाये, टाकी नाही."

मालकाने वाकून तोंड पाहायचं. टाकीच्या फुगीर बाजूवर कोणाचंही तोंड भोपळ्यासारखं दिसतं. माझंही दिसलं. "झकास," मी म्हणालो. त्यांना दुसरं काही ऐकायचं नसे.

साकीनाक्याला मोठ्या रस्त्यावरून आत वळलं, की लेथ मशीन, पत्र्याची कामं आणि खोक्यांचे कारखाने यांची एक अरुंद गल्ली लागते. तिच्यात त्यांचा गाळा होता. ते जुन्या मोटारसायकलींच्या पेट्रोलच्या टाक्या दुरुस्त करायचे, बदलायचे, बसवायचे. मूळचे मेहकरकडचे. मुंबईत आयुष्य गेलं, तरी बोलण्यातलं वऱ्हाड त्यांनी जपून ठेवलं होतं. गावची आठवण म्हणून नव्हे, भांडणात उपयोगी पडतं म्हणून. सगळे त्यांना 'टाकीवाले' म्हणत. मीही म्हणायचो.

तुम्ही म्हणाल, मुद्रितं तपासणाऱ्या माणसाचा आणि पेट्रोलच्या टाकीचा संबंध काय? संबंध आमच्या अण्णांमुळे आला.

अण्णा, म्हणजे माझे वडील, टेलिफोन खात्यात होते. कुठे केबल तुटली, कुठे खांब पडला, हे पाहायला ते जोगेश्वरीपासून मुलुंडपर्यंत एका साडेतीनशे सीसीच्या मोटारसायकलवर फिरत. निवृत्त झाल्यावरही गाडी विकली नाही. मग काही वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात-पाय अधू झाला आणि बोलणं जवळजवळ गेलं. 'हां', 'नको' आणि 'गाडी' एवढे शब्द राहिले. हा शेवटचा शब्द सकाळी चहानंतर यायचा.

मग मी त्यांना लिफ्टने खाली आणायचो. गाडी सोसायटीच्या आवारात डबल स्टँडवर उभी असे. अण्णांना हळूच वर चढवून बसवायचं, डावा हात हँडलवर, उजवा पाय उचलून फूटरेस्टवर. मग मी बाजूने किक मारायची. इंजिन लागलं की अण्णांचा चेहरा बदलायचा. ते कुठेही जात नसत, पण कुठेतरी जाऊन आल्यासारखे दिसत. उतरल्यावर जेवत नीट, झोपत नीट. दिवसभराचं सगळं त्या पंधरा-वीस मिनिटांवर उभं होतं. एकदा इंजिन न लावता नुसतं बसवून पाहिलं. साहेबाने खोटी हजेरी पकडावी, अशा नजरेने अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. पुढचे काही दिवस ते खालीच आले नाहीत.

आणि टाकी गळायला लागली. आतून गंजून ती पापडासारखी झाली होती. मी साबण चोळला, पुट्टी भरली, वेल्डिंगवाल्याकडून डाख लावून आणला. एका जागी बुजवलं की ती दुसऱ्या जागी पाझरायची. खाली फरशीवर थेंब आणि आवारभर वास.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी 'सदर' या शब्दाशिवाय पाणीसुद्धा मागत नाहीत. चेअरमन त्यांचे सख्खे मेहुणे. पण सभेत ते त्यांना 'अध्यक्ष महोदय' म्हणतात आणि मेहुणेही दचकत नाहीत. सेक्रेटरींनी नोटीस लावली. सदर वाहनातून ज्वलनशील द्रव गळत असून ते रहिवाशांच्या जीवितास धोकादायक आहे. सबब सदर वाहन आवारातून कायमचे हटविण्याचा विषय येत्या रविवारच्या विशेष सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्यात येईल. खाली निळ्या पेनाने मोरासारखी पिसारा फुलवलेली सही, वर गोल शिक्का. पंचाईत अशी, की त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. एखाद्या ढोंगी माणसाचं म्हणणं बरोबर निघावं यासारखा त्रास नाही.

मग मी फोनवर शोधून दुसऱ्या शहरातून ॲल्युमिनियमची नवी टाकी मागवली. गंजत नाही, असं वाचलं होतं. ती आली, पण गाडीवर बसेना. पुढून उंच, मागून आखूड. मग 'टाकी बसवणारा' असं शोधून एका नंबरावर फोन केला आणि म्हटलं, "टाकी बसवायची आहे, लगेच या." तो माणूस खरोखरच लगेच आला. मी खाली पोचेपर्यंत तो टेप घेऊन थेट गच्चीवर गेला होता आणि तिथे त्याला सेक्रेटरींनी पकडलं होतं.

"तुम्ही गच्चीवर स्वतःची वेगळी पाण्याची टाकी बसवताय?" सेक्रेटरींनी मला विचारलं. त्यांच्या डोळ्यांत दुसरी नोटीस तयार होताना दिसत होती.

"पाण्याची नाही हो, पेट्रोलची."

"गच्चीवर?"

या घोटाळ्यातून एक चांगलं निघालं. तो पाण्याच्या टाकीवाला जाताना म्हणाला, "पेट्रोलची असेल तर साकीनाक्याला जा. एक म्हातारा आहे. फक्त त्याच्यासमोर पाण्याच्या टाकीचं नाव काढू नका. अंगावर येतो."

नवी टाकी मांडीवर घेऊन मी रिक्षाने निघालो. "क्या है साब, ढोल?" रिक्षावाल्याने विचारलं. वाजवून पाहिली, तर आवाज तसाच होता.

गाळ्यावर हाताने रंगवलेली पाटी होती : 'टाक्या बसऊन मिळतील'. कसल्या टाक्या, ते नाही. त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी कोणी पाण्याच्या टाकीचा भाव विचारत येई आणि शिव्या खाऊन जाई. पण मला खटकला तो 'बसऊन'. दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार मिळत असला, की फुकटही काढल्या जातात. मी म्हटलं, "पाटीवर 'बसवून' पाहिजे. व-ला दीर्घ उकार. तुम्ही ऊ लिहिलाय."

त्यांनी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुमाले वाचता आलं ना?"

"आलं."

"मंग बसलं. आता तुम्ही बसा."

उभ्या माणसाशी ते बोलत नसत. गाळ्यात एक लोखंडी स्टूल होतं, त्याच्यावर कुठल्यातरी मोटारसायकलची सीट ठोकलेली. गिऱ्हाईक त्या सीटवर बसल्याशिवाय कामाची गोष्ट निघत नसे. मी बसलो. त्यांनी माझी टाकी हातात घेतली, उलटी केली, आत डोकावून पाहिलं, अंगठ्याने वाजवली आणि म्हणाले,

"टाकी चांगली हाये. कोणाच्या गाडीची?"

"माझ्याच. म्हणजे वडिलांच्या. त्याच गाडीसाठी म्हणून मागवलीय."

"हे टाकीले माहीत नाही वाटते."

त्यांनी मग मला ॲल्युमिनियमवर एक व्याख्यान दिलं. बढाया मारण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. अंधेरीच्या स्टुडिओंमध्ये जुन्या काळच्या पिच्चरसाठी ज्या जुन्या गाड्या लागतात, त्यांतल्या निम्म्यांच्या टाक्या त्यांच्या हातच्या, असं ते सांगत. "हिरो पडला त्या सीनमध्ये, पाहिलं का? टाकीले ओरखडा नाही. हिरोचं काय झालं ते मले माहीत नाही." पिच्चरचं नाव विचारलं, की मात्र नेमकं कोणीतरी गिऱ्हाईक यायचं.

पण ॲल्युमिनियमबद्दलचं खरं होतं. "लोखंड मार खाते. ॲल्युमिनियम रुसते," ते म्हणाले. लोखंडी टाकी चार नट आवळून फ्रेमला जखडली तरी चालते. ॲल्युमिनियमची जखडली, तर इंजिनाच्या थरथरीने वेल्डिंगच्या जोडाजवळ चीर जाते. म्हणून तिच्या खाली रबर, वर रबर, बोल्टभोवती रबर, आणि मधे लोखंडी नळीचा एक तुकडा, की नट कितीही फिरवला तरी तो नळीवर थांबावा, टाकीवर दाब येऊ नये. "टाकी ठेवायची नसते, आवळायची तं अजिबात नसते. बसवायची असते. घरी पाव्हणा आला तं त्याले खुर्चीत दाबून धरता काय?"

"किती दिवस लागतील?"

"बसू द्या ना बापा!"

हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर होतं. वऱ्हाडात 'बापा' हे कोणालाही म्हणतात. पोराला, म्हाताऱ्याला, कुत्र्यालासुद्धा. रबर बसायला वेळ लागतो, बसू द्या ना बापा. चहा उतरवला, पूड बसू द्या ना बापा. शेजारच्या लेथवाल्याचं बायकोशी भांडण झालं, धूळ बसू द्या ना बापा. मराठीत धंदा बसतो, घसा बसतो, मार बसतो, घडी बसते, विश्वास बसतो. या सगळ्या बसण्यांना पुरेल इतका धीर एका माणसात मी पहिल्यांदाच पाहत होतो. आणि माझ्याकडे रविवारपर्यंतचाच वेळ होता.

मी टेम्पोने गाडी नेली. रोज ऑफिसमधून सुटलो की साकीनाका. त्यांनी पुढचा आधार कापून नवा केला, मागे पट्टी जोडली. रबरासाठी माझ्या डोक्यात जुनी ट्यूब होती. त्यांनी हात झटकला. "ट्यूब पेट्रोल पिते, फुगते, मंग चिंगम होते." पेट्रोलला दाद न देणारं काळं जाड रबर त्यांनी कापलं. मग टाकीत काठोकाठ पाणी भरून ती गाडीवर ठेवली आणि मला घरी पाठवलं. वजनाने रबर दबू दे, मग कुठे घासतं ते कळेल, असं गणित. मी जाता जाता म्हटलं, "म्हणजे शेवटी पाण्याचीच टाकी झाली की!" त्यांनी पाना उचलला. मी निघालो.

अण्णांबद्दल मी त्यांना सांगितलं होतं. ते हळहळले नाहीत, ही पहिली गोष्ट. "काकाजी रोज बसतात? पेट्रोल जळते, गाडी जात नाही? मंग बरं हाये. ट्राफिक नाही, चलान नाही." दुसरी गोष्ट, शुक्रवारी टाकी पक्की झाल्यावर ते तिला पॉलिश करत बसले. मी म्हटलं, याची गरज नाही. त्यांना वाईट वाटलं. "काकाजीच्या टाकीत काकाजीचं तोंड दिसलं पाहिजे," ते म्हणाले. संध्याकाळी तिच्यात ट्यूबलाइट, पंखा, शेजारचा लेथवाला, सगळं दिसायला लागलं. त्यांनी कंगवा काढला, भांग पाडला, आणि माझा तो भोपळा पाहण्याचा कार्यक्रम झाला.

शनिवारी सकाळी ते गाडीबरोबर टेम्पोतून आमच्याकडे आले. पांढरा शर्ट घालून. टाकी बसवून दिली की तिच्यावर मालक बसेपर्यंत ते जागा सोडत नसत. लग्न लावलं, आता वरात पाहून जाऊ, असा भाव असे. खाली कागद ठेवून पाहिला, थेंब नाही. मी अण्णांना आणलं. अण्णा त्या चकाकत्या टाकीकडे बघत राहिले, मग म्हणाले, "हां."

चढवलं. डावा हात हँडलवर, उजवा पाय फूटरेस्टवर. मी किक मारली. इंजिन लागलं.

आमच्या आवारात सकाळी पूर्वेकडून, दोन इमारतींच्या फटीतून, कोवळं पण सरळ ऊन येतं. ते टाकीच्या आरशावर पडलं आणि तिथून थेट अण्णांच्या डोळ्यांत गेलं. अण्णांनी चेहरा वळवला आणि डोळ्यांवर आडवा धरायला हात उचलला. हात एकच होता, हँडलवरचा. तो सुटला तशी त्यांची उजवी मांडी टाकीवरून सरकली. जुन्या टाकीला दोन्ही बाजूंना गुडघे टेकायला रबराचे जाड तुकडे होते, नव्या गुळगुळीत टाकीला काहीच नव्हतं. पाय फूटरेस्टवरून सुटला आणि अण्णा कलंडले. मी एका बाजूने आणि टाकीवाल्यांनी दुसऱ्या बाजूने धरलं म्हणून पडले नाहीत. इंजिन तसंच धडधडत होतं. खाली उतरवल्यावर अण्णा गाडीकडे न बघता म्हणाले, "नको."

तो शब्द मी रोज ऐकत होतो. दुधाला, गोळीला, टीव्हीला. गाडीला पहिल्यांदाच.

टाकीवाल्यांनी टाकीकडे पाहिलं, वर उन्हाकडे पाहिलं. "आमच्या गल्लीत ऊन येतच नाही," ते हळूच म्हणाले. मला पाटी आठवली. त्या गल्लीत ऊन होतं ते फक्त पाटीवरच्या 'बसऊन'मध्ये. ही कोटी त्या क्षणी करण्यासारखी नव्हती, म्हणून मनात ठेवली.

मग त्यांनी पाने काढले आणि टाकी उतरवायला सुरुवात केली.

"अहो, उद्या सभा आहे," मी म्हटलं. "गळत नाहीये एवढं तरी दाखवता येईल."

"गळत नाही हे सेक्रेटरीसाठी झालं. काकाजीसाठी काय झालं?" ते म्हणाले. "जुनी टाकी कुठी हाये?"

जुनी टाकी जिन्याखाली होती. ती एका बगलेत, नवी दुसऱ्या बगलेत, असे ते रिक्षात बसून गेले. पांढऱ्या शर्टावर गंजाचा पट्टा उमटला होता. आवारात गाडी उरली ती टाकीशिवाय. टाकी काढलेली मोटारसायकल मासा खाऊन झाल्यावरच्या काट्यासारखी दिसते.

रविवारी सकाळी आवारात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. वीस माणसांसाठी माइक लावला होता. आमची गाडी विषयपत्रिकेवर रंगकामानंतर आणि कबुतरांच्या जाळीआधी होती. अण्णांना मी खाली आणून कडेला खुर्चीत बसवलं होतं. घरात एकटं ठेवता येत नव्हतं. ते पाठमोरे बसले होते, गाडीकडे पाठ करून.

रंगकाम संपलं आणि सेक्रेटरी माइककडे वळले. "अध्यक्ष महोदय, सदर वाहनाची अवस्था सभासद पाहतच आहेत. आता तर सदर वाहनाला टाकीही नाही. म्हणजे सदर वाहन हे वाहनच राहिलेलं नसून—"

फाटकाशी रिक्षा थांबली. टाकीवाले उतरले. हातात जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी, लहान मूल धरावं तसं. दाढी वाढलेली, शर्ट कालचाच. सभेकडे न पाहता ते सरळ गाडीकडे गेले आणि चादर सोडली.

आरसा गेला होता. सगळी टाकी त्यांनी पॉलिश पेपरने घासून काढली होती. राखेने घासलेल्या पातेल्यासारखी ती मंद, करडी झाली होती. दोन्ही बाजूंना खोलगट जागा ठोकून, तिथे पट्ट्या वेल्ड करून जुन्या टाकीची गुडघ्याची रबरं बसवली होती. अण्णांच्या गुडघ्यांनी इतकी वर्षं झिजवलेली तीच रबरं. उजवीकडच्या रबराखाली आणखी एक जाड चकती होती, म्हणजे अधू गुडघा सरकू नये.

ते टाकी चढवायला लागले.

"अहो, कोण तुम्ही? सभा चालू आहे," सेक्रेटरी माइकमधूनच म्हणाले.

"चालू द्या ना. मी कुठी बंद केली?"

"सदर विषय मतदानाला टाकायचा आहे!"

"मतदान करा, पण टाकी बसेपर्यंत थांबा. रबर हाये. बसू द्या ना बापा."

तळमजल्याच्या काकू हसल्या. सेक्रेटरींना 'बापा' हे संबोधन बहुधा पहिल्यांदाच मिळत होतं. ते माइक सोडून जवळ आले. "आणि गळती? त्याची हमी कोण घेणार? लेखी?"

टाकीवाल्यांनी इकडेतिकडे पाहिलं. सूचनाफलकावर नोटीस होती. ती त्यांनी टाचण्या काढून आणली आणि बरोबर पेट्रोलच्या कॉकखाली फरशीवर ठेवली, मोराची सही वर करून. मग बाटलीतलं पेट्रोल टाकीत ओतलं.

"आजकालचं पेट्रोल हाये, पेनाची शाई विरघळवते. एक थेंब पडला तं तुमची सही फुटते. सही राहिली तं गाडी राहिली. बसा."

आणि आश्चर्य म्हणजे सेक्रेटरी बसले. स्वतःच्या सहीवर नजर ठेवून बसले. कबुतरांच्या जाळीचा विषय त्यांनी तिथूनच उरकला. सभासदही खुर्च्या वळवून बसले. एवढी शांत सभा आमच्या सोसायटीत झाली नव्हती आणि नंतरही झाली नाही.

काम संपवून टाकीवाले उठले. सवयीने त्यांचा हात खिशाकडे गेला. कंगवा काढला, टाकीवर वाकले. टाकीत काही दिसलं नाही. क्षणभर ते तसेच वाकून राहिले, मग कंगवा न वापरताच परत खिशात ठेवला. मी ते पाहिलं. त्यांनी मी पाहिलेलं पाहिलं आणि म्हणाले, "आज रविवार हाये. सुट्टी."

सही कोरडी होती. शिक्काही शाबूत होता. सेक्रेटरींनी कागद उचलून उन्हात धरून पाहिला आणि घसा साफ केला. "ठीक आहे. परंतु सदर वाहनाचा वापर होत नसताना केवळ इंजिन चालू ठेवून त्यावर नुसतं बसणं, हे—"

टाकीवाले अण्णांच्या खुर्चीसमोर जाऊन उकिडवे बसले होते. त्यांच्याशी काहीतरी बोलत होते. अण्णा मान खाली घालून ऐकत होते. तिथूनच, मागे न वळता, टाकीवाले म्हणाले,

"बसू द्या ना बापाले."

मला आधी वाटलं, नेहमीचंच. मग तो शेवटचा 'ले' ऐकू आला. बापाला बसू द्या. आवाज चढवला नव्हता, विनंतीही नव्हती. आवारातल्या सगळ्यांना कुठेतरी एक बाप होता किंवा होऊन गेला होता. सेक्रेटरींचाही असणार. ते 'हे' वर थांबले होते, ते पुढे गेलेच नाहीत. तळमजल्याच्या काकू म्हणाल्या, "बसू देत की हो. पुढचा विषय घ्या."

अण्णा काय म्हणतील ते मात्र कोणाच्या हातात नव्हतं. टाकीवाल्यांनी त्यांना नेलं नाही. फक्त त्यांची खुर्ची वळवून गाडीकडे तोंड केलं आणि थांबले. अण्णा टाकीकडे पाहत होते. ऊन टाकीवर पडलं होतं आणि तिथेच राहिलं होतं. मी पुढे होणार होतो. टाकीवाल्यांनी हातानेच मला थांबवलं.

"गाडी," अण्णा म्हणाले.

आम्ही दोघांनी चढवलं. अण्णांचे गुडघे जुन्या रबरांवर टेकले. उजवा गुडघा जरा हलला, रबरात रुतला आणि तिथेच राहिला. मी किक मारली. अण्णांनी डोळे मिटले. टाकीच्या करड्या पत्र्यात कोणाचंच तोंड दिसत नव्हतं, आणि मला वाटतं, त्याच्याहून चांगली टाकी त्या माणसाने बनवली नसेल. त्यांना मी तसं म्हटलं. ते म्हणाले, "उगाच काहीही बोलू नका. पिच्चरमधल्या टाक्या पाहा एकदा."

त्यानंतर मी साकीनाक्याला कारणाशिवाय जात राहिलो. गाळ्यात त्या सीटवर बसायचं, चहा प्यायचा, बढाया ऐकायच्या. एकदा त्यांना विचारलं, त्या दिवशी अण्णांच्या कानात काय सांगितलं होतं? "काही नाही. म्हटलं, माह्याकडून चूक झाली, ऊन पाहिलं नाही. आता पाहिलं." आपली चूक एवढ्या साध्या वाक्यात सांगणारा माणूस मला व्यवसायात भेटला नाही, आणि माझा व्यवसाय चुकांचाच आहे.

मागच्या वर्षी त्यांची प्रकृती बसली. हा शब्दही त्यांनीच वापरला. मुलीकडे, मेहकरला गेले. फोनवर आवाज ठणठणीत असायचा. तिथे कोणाच्या तरी ट्रॅक्टरची टाकी बिघडवून ठेवली होती गावातल्या वेल्डरने, त्याला धडा शिकवून येतो, म्हणाले. ते गेल्याचं मला कळलं ते पाण्याच्या टाकीवाल्याकडून. तो म्हणाला, "मेले तरी मला माफ केलं नसेल."

गाळ्यात आता घरपोच सामान पोचवणाऱ्यांची पोती असतात. पाटी अजून आहे. नव्या माणसाला काढायचं सुचलेलं नाही, किंवा उंच आहे म्हणून हात पोचत नसेल. 'टाक्या बसऊन मिळतील.' मी परवा तिच्याखाली उभा होतो. चूक दुरुस्त करावी असं वाटलं नाही. त्या गल्लीत दुसरीकडून ऊन येत नाही.

टाकीखालची रबरं मधून मधून बदलावी लागतात. ती मीच बदलतो. कशी, ते त्या सीटवर बसून शिकलो. मागच्या आठवड्यात बदलत होतो. अण्णा शेजारी खुर्चीत होते, गाडीकडे तोंड करून. नवं रबर, त्यामुळे टाकी जरा वर राहिल्यासारखी वाटत होती. मला घाई होती. मी पाना घेतला आणि नट आणखी आवळायला लागलो.

"बसू," अण्णा म्हणाले.

मी थांबलो. नवा शब्द होता. डॉक्टरांनी कित्येक वर्षांपूर्वीच नवे शब्द येणार नाहीत असं सांगितलं होतं.

अण्णांचा ओठ एका बाजूला ओढला गेला होता. कसाऱ्याच्या पलीकडे कधीही न गेलेले, जन्मभर जोगेश्वरीत राहिलेले माझे वडील जोर लावून एकेक अक्षर बाहेर काढत होते.

"बसू द्या ना... बापा."

मी पाना खाली ठेवला.